स्कॉटलंडचे जुने गोल्फ कोर्स कसे तोलायचे, घरबसल्या

ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा चालू झाली की आमच्या संभाजीनगरच्या पोरांत वाद पेटतो, भारी कोर्स कोणता. भाऊ, हिरवळीला भुलू नका, सॅटेलाइट मॅप उघडा अन् आधी वाऱ्याचं बघा. मुइरफील्डचे पहिले 9 होल (म्हणजे खेळायचे टप्पे) बाहेरून घड्याळाच्या दिशेनं, पुढचे 9 आतून उलटे, म्हणून वारा सारखा बाजू बदलतो. मग ग्रीन, म्हणजे होलच्या शेवटी खळगा असतो ती बारीक कापलेली हिरवळ. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर 14 होलना मिळून 7च ग्रीन, 2-16, 3-15 अशी जोडीची बेरीज 18, सामाईक बांधासारखं पण भांडण नाही. 17व्याला पुढं खोल बंकर (वाळूचा खड्डा), मागं रस्ता, इकडं आड तिकडं विहीर. लांबीला मार्क कमीच द्या, नॉर्थ बेरिकचा 15वा छोटा पार-3 (3 फटक्यांत संपवायचा) आहे तरी जगभर कॉपी झालाय.