दख्खनच्या नदीपात्रात चकमकीचा दगड ओळखताना

खडूच्या थरांत सापडणारी युरोपातली खरी चकमक दख्खनच्या काळ्या कातळात शोधू नये. येथे धारदार हत्यारे घडवण्याचे तिचे काम कॅल्सेडनी, अकीक, जास्पर आणि चर्ट हे सिलिकेचे (गारेच्या मूळ द्रव्याचे) कठीण दगड करतात. लाव्हा थंड होताना बसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या कातळात, राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका साचून हे दगड तयार झाले, आणि कातळ झिजल्यावर ते सुटून गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या वाळू-गोट्यांत येऊन पडले. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्ही वापरणाऱ्या) शेतकऱ्यांची दगडी पातीही प्रामुख्याने कॅल्सेडनीची होती.

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर गोट्यांचे थर पाहावेत. बाहेरची खडबडीत, मळकट साल फसवी असते, म्हणून गोटा ओला करून उन्हात धरावा: कॅल्सेडनीच्या पातळ कडेतून मेणचट उजेड झिरपतो, तर जास्पर लाल किंवा पिवळा असूनही अपारदर्शकच राहतो. दोन्हींपैकी कोणताही असो, गोट्याच्या टोकाने काचेवर ओरखडा उठला पाहिजे. कॅल्साइट व झिओलाइट ही त्याच पोकळ्यांतली मऊ खनिजे येथेच गळतात. खरी परीक्षा मात्र कपचीची. ती शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी गुळगुळीत, वलयांकित फुटली तर दगड हत्यारालायक समजावा; आत स्फटिकांची पोकळी किंवा भेगा असतील, तर रंग कितीही मोहक असो, तो टाकून द्यावा. फोडण्याआधी गोट्यावर दुसऱ्या दगडाने हलकेच ठोकून आवाज ऐकण्याची सवयही मला उपयोगी वाटते, कारण भेगाळलेला दगड बद्द वाजतो.

फोडताना चष्मा लावावा, सिलिकेची धूळ श्वासात जाऊ देऊ नये, आणि आधीच घडवलेली पाती दिसल्यास ती जागची हलवू नयेत.