सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

संविधान दिनाचं भाषण, विधी महाविद्यालयाचं भित्तिपत्रक, अभ्यासिकेत हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्स. नाशिकमध्ये सर्वोच्च न्यायालयावर मराठीत जे लिहिलं जातं, त्यात चुका असतात त्या ठरावीकच. एकाने केलेली दुसरा उतरवून घेतो आणि दोन-तीन वर्षांत तीच 'माहिती' होऊन बसते. न्यायालय कोणतं, तारीख कशाची आणि त्या निकालात न्यायाधीश बहुमतात होते की अल्पमतात, या तीन गोष्टी तपासल्या तर यातल्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

आपल्या माणसांबाबतच्या चुका

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२. त्यामुळे जिल्ह्यातल्या कार्यक्रमांत त्यांचं नाव निघतंच, आणि वक्ता त्यांना बेधडक सर्वोच्च न्यायालयात बसवून मोकळा होतो. रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०१ मध्ये वारले. सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात आलं २६ जानेवारी १९५० रोजी. मो. क. छागला यांचंही तसंच होतं. ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, भारताचे सरन्यायाधीश कधीच नव्हते.

दुसरं उदाहरण इमारतीचं. दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीचे वास्तुविशारद गणेश भिकाजी देवळालीकर. हे आडनाव दिसलं की नाशिककर त्यांना लगेच देवळाली कॅम्पच्या खात्यात जमा करतात. आडनाव हा जन्मगावाचा पुरावा नव्हे. शिवाय राहुरी तालुक्यात देवळाली प्रवराही आहे. लिहायचं तर एवढंच लिहा: आराखडा देवळालीकरांचा, न्यायालय तिथे १९५८ मध्ये गेलं. त्याआधी ते संसद भवनातच भरत असे.

न्यायालयांची सरमिसळ

'भारतातलं सर्वोच्च न्यायालय १७७४ मध्ये स्थापन झालं' हे वाक्य नोट्समध्ये सर्रास सापडतं. ते न्यायालय कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचं. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टखाली ते आलं आणि एलिजा इम्पी त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश होते. १८६२ मध्ये उच्च न्यायालयं सुरू झाली तेव्हा ते मोडीत निघालं. आजच्या न्यायालयाची थेट पूर्वज संस्था म्हणजे फेडरल कोर्ट, १ ऑक्टोबर १९३७ चं. त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत सर मॉरिस ग्वायर आणि शाह मुहम्मद सुलेमान यांच्यासोबत मुकुंदराव जयकर होते. मराठी लेखात नेमकं हेच नाव गळतं, याचं आश्चर्य वाटतं. फेडरल कोर्टाच्या वरही लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातलं अंतिम अपिलाचं ठिकाण, होतीच. तिकडे जाणारी अपिलं १० ऑक्टोबर १९४९ पासून बंद झाली. म्हणून नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या १९१० च्या खून खटल्याच्या मजकुरात 'सर्वोच्च न्यायालय' हा शब्द आलाच, तर तो खोडा. तो खटला मुंबई उच्च न्यायालयातला.

कार्यकाळ जुळत नसेल तर

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वयाची ६५ वर्षं पूर्ण होताच निवृत्त होतात. म्हणजे शेवटचा दिवस पासष्टाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी येतो. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड जन्मले १२ जुलै १९२० रोजी, निवृत्त झाले ११ जुलै १९८५ रोजी. भूषण गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, निवृत्ती २३ नोव्हेंबर २०२५ ची. हा हिशेब जमला नाही तर दोनपैकी एक तारीख चुकली आहे. अपवाद मृत्यूचा किंवा राजीनाम्याचा: पहिले सरन्यायाधीश हरिलाल कानिया नोव्हेंबर १९५१ मध्ये पदावर असतानाच वारले, तर सुब्बा राव यांनी १९६७ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला.

वर्तमानपत्रावरून तारीख उचलताना एक घोळ हमखास होतो. निरोपाची बातमी कामकाजाच्या शेवटच्या दिवसाची असते. धनंजय चंद्रचूड यांचा शेवटचा कामकाजाचा दिवस शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४. कार्यकाळ मात्र रविवारी, १० तारखेला संपला. तक्त्यात १० हीच तारीख घाला.

ज्येष्ठताही वयावरून मोजू नका. ती सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकीवरून ठरते.

न्यायाधीशांची संख्या

राज्यघटनेत मूळ तरतूद सरन्यायाधीश आणि सात न्यायाधीश अशी होती. पुढे १९५६ च्या कायद्याने आणि त्यातल्या दुरुस्त्यांनी आकडा वाढत गेला. कायद्यातला आकडा सरन्यायाधीश वगळून असतो, गोची तिथेच आहे. १९५६ चा १० म्हणजे एकूण ११, १९८६ चा २५ म्हणजे २६, २०१९ चा ३३ म्हणजे ३४. एका रकान्यात कायद्याचा आकडा आणि खालच्याच ओळीत एकूण आकडा, असे तक्ते अभ्यासिकांत जागोजागी आहेत.

१९७३ आणि १९७७ एकत्र करू नका

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, हे बहुमताने ठरलं ते याच निकालात. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले आणि २६ एप्रिलला अजितनाथ राय यांनी शपथ घेतली. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघे राय यांना ज्येष्ठ होते. त्यांना डावललं गेलं, म्हणून त्या तिघांनी राजीनामे दिले. तिघेही बहुमतातले, राय अल्पमतातले.

हंसराज खन्ना या तिघांत नव्हते. खन्नांना डावललं गेलं ते जानेवारी १९७७ मध्ये, मिर्झा हमीदुल्ला बेग यांच्यासाठी. त्याआधी २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर खटल्यात, म्हणजे आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का या प्रश्नावर, पाचपैकी एकट्या खन्नांनी विरोधी मत दिलं होतं. दोन्ही प्रसंगी ज्येष्ठता डावलली गेली आणि दोन्ही निकालांत खन्ना होते, म्हणून आठवणीत ते एकमेकांत मिसळतात.

यशवंत चंद्रचूड यांच्याबद्दल जास्त जपून लिहा. केशवानंद निकालात त्यांना बहुमतात दाखवणारे लेख आहेत; प्रत्यक्षात ते अल्पमतात होते. चूक होण्याचं कारणही आहे. निकालाच्या शेवटी 'बहुमताचं मत' म्हणून जो सारांश जोडला, त्यावर तेरापैकी नऊ जणांच्या सह्या आहेत, आणि त्यांत अल्पमतातले पालेकर व चंद्रचूड हेही आहेत. नुसत्या सह्या मोजल्या तर सात विरुद्ध सहाचं गणित बसतच नाही. एडीएम जबलपूरमध्ये मात्र चंद्रचूड बहुमतात होते. तो निकाल २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी रद्द ठरवला, आणि त्या पीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

'पहिले' लिहिण्याआधी

गवई हे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, २००७ ते २०१०. वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात येऊन सरन्यायाधीश झालेले पहिले सिक्री. मूळचे सोलापूरचे उदय लळित दुसरे.

निकाल कुठे पाहायचा

ई-एससीआर या सरकारी संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात. पक्षकाराच्या किंवा न्यायाधीशाच्या नावाने शोधता येतं. काही निकालांचे मराठी अनुवादही तिथे आहेत. ते समजून घ्यायला वापरा, पण उतारा देताना इंग्रजी पाठाशी ताडून पाहा, कारण अधिकृत तोच. याचिकेचं वर्ष निकालाचं वर्ष म्हणून छापू नका: केशवानंदची याचिका १९७० ची क्रमांक १३५, पण संदर्भ द्यायचा तो 'एआयआर १९७३ एससी १४६१' असा. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर हे निकाल छापणारं नियतकालिक, एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालय. १४६१ हा आकडा पान क्रमांक आहे, खटल्याचा क्रमांक नव्हे.