पाव किलो मटकीत चौघांच्या दोन रात्री

सकाळी 250 ग्रॅम मटकी भिजत घाला. आठेक तासांनी पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि मटकी फुगून दुपटीहून जास्त होते. पाणी राहिलं तर ती चिकट होऊन वास मारते, उन्हाळ्यात तर हमखास.

निम्म्या मटकीची पातळ रश्श्याची उसळ करा. दाटपणासाठी महाग खोबरं नको, दोन चमचे दाण्याचं कूट पुरतं. सोबत आठ भाकऱ्या, म्हणजे साधारण 600 ग्रॅम ज्वारीचं पीठ. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून आठवड्यापुरतंच दळून आणावं. चिरलीच तर उकळत्या पाण्यात पीठ मळा.

उरलेली मटकी डब्यात, फ्रिजमध्ये. दुसऱ्या रात्री दीड वाटी तांदूळ, ती मटकी, कांदा, गोडा मसाला, कुकरला तीन शिट्ट्या. खिचडीबरोबर ताक. पापड हवाच असेल तर भाजून. तळणाचं तेल महिन्याचं गणित बिघडवतं.

तिसऱ्या रात्री पिठलं: एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवा, थेट उकळीत टाकलं की गुठळ्या ठरलेल्या.