ऑस्ट्रेलियात शिकताय? व्हिसा रद्द करणाऱ्या या चुका टाळा

व्हिसावरची तारीख लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑस्ट्रेलियाच्या सबक्लास ५०० म्हणजे विद्यार्थी व्हिसाला ८२०२ क्रमांकाची अट असते: नोंदणीकृत कोर्सचा प्रवेश सतत चालू हवा, हजेरी आणि प्रगतीही समाधानकारक हवी. प्रवेश तुटला की कॉलेज ते सरकारी प्रणालीत नोंदवतं आणि इमिग्रेशन खात्याला ते दिसतं.

बहुतेक जण अडकतात ते कॉलेज बदलताना. 'आधी हे सोडू, मग दुसरं बघू' असं करू नका. नवीन सीओई, म्हणजे कॉलेजने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र, हातात आल्याशिवाय जुनी रद्द होऊ देऊ नका. मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने पूर्ण व्हायचे असतील तर सहसा जुन्या कॉलेजची परवानगीही लागते.

मास्टर्स झेपत नाही म्हणून स्वस्तातला डिप्लोमा घेणाऱ्यांना वाटतं, शिक्षण तर चालू आहे. पण खालच्या पातळीचा कोर्स घेतला तरी अट मोडते. त्यासाठी आधी नवा व्हिसा काढावा लागतो.

आता सर्वात महत्त्वाचं. हजेरी किंवा प्रगती कमी पडली की कॉलेज थेट तक्रार करत नाही; आधी 'आम्ही कळवणार आहोत' असं लेखी पत्र देतं. त्यावर कॉलेजातच अपील करायला कामकाजाचे २० दिवस मिळतात. घाबरून हे पत्र बाजूला ठेवू नका, कारण प्रकरण हाताबाहेर जाण्याआधीची ही सर्वात चांगली संधी आहे. आजारी होतात? दवाखान्याचे तारखांसकट कागद जोडा. घरी कुणी गेलं आणि तडकाफडकी यावं लागलं? मृत्यूचा दाखला आणि विमानाची तिकिटं जोडा. खरं तर अशा वेळी निघण्याआधीच कॉलेजकडून कोर्स लेखी पुढे ढकलून घ्यावा. वर्गातल्या सरांना तोंडी सांगणं पुरत नाही.

व्हिसा रद्द करायचा विचार असल्याची इमिग्रेशन खात्याची नोटीस अर्जात दिलेल्या ईमेलवर जाते, आणि तो अनेकदा एजंटचा असतो. तुम्ही वाचो न वाचो, पाठवलेल्या दिवसअखेर ती मिळाली असंच कायदा धरतो. उत्तराची मुदत थोडी असते. इमीअकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात, स्वतःचा ईमेल आजच टाका. मायग्रेशन ॲक्टच्या कलम ११६ खाली व्हिसा रद्द करायचा की नाही हे अधिकारी परिस्थिती बघून ठरवतो, म्हणून उत्तरात नुसती माफी नको. काय घडलं आणि आता प्रवेश कुठे आहे, ते पुराव्यासह लिहा.

व्हिसा रद्द झालाच तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचाही जातो, आणि बऱ्याच तात्पुरत्या व्हिसांना तीन वर्षं अडसर येऊ शकतो. फेरविचाराचा अर्ज ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, करता येतो. शेवटची तारीख निर्णयाच्या पत्रातच असते, ती चुकवू नका. सल्ला मात्र प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटचा घेऊ नका. तिथे व्हिसाच्या कामात मदत करायचा अधिकार नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आणि वकिलांना असतो. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक मागून घ्या.