गिटची हिस्टरी ग्राफवर बघताय? आधी या चुका टाळा

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल, आणि गोर्स ती हिस्टरी अ‍ॅनिमेशनमध्ये दाखवतं. मागे मी गोर्सवर आमच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ केला, फोल्डर म्हणजे फांद्या, फायली म्हणजे ठिपके, भोवती फिरत बदललेल्या फायलींवर लेझर मारणारे आम्ही. मधेच माझा अवतार अख्ख्या झाडावर लेझर मारत सुटला आणि टीमने टाळ्या वाजवल्या. कसल्या टाळ्या, टॅब काढून स्पेस टाकल्या होत्या फक्त! पण तेव्हापासून ब्लेम (कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) मारलं की निम्म्या कोडवर माझंच नाव, ज्याला बग दिसला तो माझ्या डेस्कवर.

तर असे फॉरमॅटिंगचे कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) एका फाइलीत लिहून ठेवा आणि ब्लेमला इग्नोर रेव्हज फाइलचा ऑप्शन द्या, 2019 च्या गिट 2.23 पासून आहे तो. नुसत्या स्पेसचा घोळ असेल तर डॅश डब्ल्यू पुरतं.

दुसरी गोची रिनेमची, म्हणजे फाइलीचं नाव किंवा जागा बदलण्याची. गिट रिनेम साठवतच नाही हो, बघताना दोन फायली ताडून अंदाज बांधतं, निदान 50% जुळल्या तर रिनेम, नाहीतर जुनी मेली आणि नवी जन्मली. म्हणून फाइल हलवायची तर आधी नुसती हलवा, कमिट करा, मग आतला कोड बदला. एका फाइलीचा लॉग (कमिटांची यादी) बघताना फॉलो ऑप्शन लावा, म्हणजे रिनेमच्या आधीची हिस्टरीही दिसते.

ग्राफात एकच कमिट दिसतोय? क्लोन (प्रोजेक्टची उतरवलेली प्रत) शॅलो असणार, म्हणजे फक्त अलीकडची हिस्टरी आलेली, अनशॅलो ऑप्शन देऊन बाकीची फेच करा. एकच माणूस दोनदा दिसतोय (ऑफिसचा ईमेल, घरचा ईमेल) तर दोन्ही ईमेल एका नावाला जोडणारी मेलमॅप फाइल बनवा. एकाच दिवशी कमिटांचा डोंगर दिसला तर बहुतेक रिबेस झालाय (जुने कमिट नव्या पायावर पुन्हा रचलेत), त्यात कमिट डेट बदलते पण ऑथर डेट तीच राहते, तिच्यावर ग्राफ काढा.

आणि हिस्टरीची सुरुवात म्हणजे प्रोजेक्टची सुरुवात असं धरू नका. लिनक्स कर्नलच बघा, एप्रिल 2005 मध्ये लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सने 2.6.12-आरसी2 या आवृत्तीचा सगळा कोड एकाच कमिटात टाकला, जुनी हिस्टरी आणलीच नाही, गिटमध्ये घेतली तर 3.2 जीबी होत होती म्हणे. त्यामुळे नव्वदच्या दशकात दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या ओळीही ब्लेममध्ये त्याच्या नावावर.

हां, सगळ्यात जास्त बदलणाऱ्या फायलींचा चार्ट काढताना लॉक फायली (वापरलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या टिपणाऱ्या, आपोआप बनणाऱ्या) वगळा, आमच्याकडे पहिला नंबर पॅकेज लॉकचाच आला होता.