स्विच निवडताना कान बंद ठेवा

मेकॅनिकल कीबोर्डाच्या नादाला लागलेला माणूस पहिली चूक करतो ती हेडफोन लावून. रात्री बसून स्विचच्या, म्हणजे प्रत्येक कळीखालच्या खटक्याच्या, आवाजाचे व्हिडिओ ऐकतो, एखादा भरदार ‘थॉक’ मनात भरतो, आणि ऑर्डर जाते. मीही हेच केलं. पण त्या आवाजात स्विचइतकाच वाटा केसचा, स्विच धरणाऱ्या प्लेटचा, कीकॅपच्या जाडीचा, टेबलाचा आणि माइकचाही असतो. बोटाला काय लागतं ते व्हिडिओत येतच नाही.

मी बॅकएंडचा कोड लिहिते. माझा पहिला कीबोर्ड निळ्या, खटखट करणाऱ्या स्विचचा. लेक तेव्हा सात महिन्यांची होती. दोन रात्रींत तो कीबोर्ड माळ्यावर गेला. दुसऱ्या वेळी उलट टोक गाठलं: ३५ ग्रॅमच्या जोराने दबणारे लिनिअर, म्हणजे अडखळ नसलेले, लोण्यासारखे. विचार करत बोटं टेकवून बसले की व्हिम या एडिटरमध्ये कर्सर आपला फाइलभर खाली घरंगळत जायचा, कारण तिथे ‘जे’ने कर्सर खाली जातो आणि उजवी तर्जनी ‘जे’वर विसावलेली असायची. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कोड लिहिताना हात चालतो त्याहून थांबतो जास्त. हलके, चपळ स्विच घ्या हा सल्ला गेम खेळणाऱ्यांचा. आपल्याला टेकलेल्या बोटाचं वजन पेलणारा स्विच हवा.

म्हणून सुरुवात स्वतःच्या हातापासून करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, सध्याचा कीबोर्ड त्यावर ठेवा, आकडा शून्य करा. आता एक कळ अगदी सावकाश दाबत न्या आणि अक्षर पडेपर्यंत काट्याने जास्तीत जास्त किती ग्रॅम दाखवले ते लिहून ठेवा. मग बोटं टेकवून, एखादा बग आठवत नुसतं बसा आणि पुन्हा आकडा बघा. त्याला टेकलेल्या बोटांच्या संख्येने भागलं की एका बोटाचा भार निघतो. स्विचचा जोर या भारापेक्षा बराच वर हवा. बाकी आवडीचा प्रश्न.

स्विचच्या माहितीत दिलेले जोराचे आकडे बहुधा सेंटीन्यूटनमध्ये असतात. ते ग्रॅमच समजा, फरक नगण्य आहे. चेरी कंपनीचा एमएक्स रेड ४५चा, ब्लॅक ६०चा. दोन्ही लिनिअर, म्हणजे वरपासून खालपर्यंत नुसती स्प्रिंग. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच पडतं. उरलेला अर्धा प्रवास आपण सवयीने करतो आणि तळाला बोट आपटतो. तुमचा हात जड असेल तर हलका स्विच सुखाचा नाही, आपटणारा ठरतो.

टॅक्टाइलमध्ये स्टेमच्या, म्हणजे कळीबरोबर खालीवर होणाऱ्या दांड्याच्या, पायांना उंचवटा असतो. तो आतल्या पत्र्यावरून घसरताना बोटाला कळतो, गतिरोधकावरून चाक जावं तसा. ब्राउन याच जातीचा आणि बहुतेकांना पहिला तोच सुचवला जातो. माझं मत विचाराल तर ब्राउन म्हणजे झिजलेला गतिरोधक: आहे असं सांगतात म्हणून जाणवतो. क्लिकी, म्हणजे खटखट करणाऱ्या, ब्लूमध्ये स्टेमच दोन तुकड्यांचा असतो आणि खालचा तुकडा खटकन खाली पडतो, आवाज त्याचा. शिवाय ब्लूमध्ये अक्षर पडलेल्या जागेपेक्षा बरंच वर आल्याशिवाय कळ पुन्हा लागू होत नाही. एकच कळ पटापट दोनदा दाबणाऱ्यांना हे खुपतं.

माझा स्विच शेवटी ठरला बोबा यू४, ६२ ग्रॅमचा. टॅक्टाइल, पण मुका. स्टेमवरच्या मऊ रबरी गाद्या तळाचा आणि वर येतानाचा, दोन्ही ठोके गिळतात. उंचवटा अगदी वरून सुरू होतो, त्यामुळे टेकलेलं बोट तिथेच थोपतं. तुम्हाला दुसरा आवडेल. आठदहा स्विच बसवलेली टेस्टरची पट्टी मिळते. ती आठवडाभर टेबलावर राहू द्या आणि बिल्ड चालू असताना चाळा करा. पण एकेक स्विच तर्जनीने दाबून निकाल देऊ नका. तर्जनीला सगळंच हलकं वाटतं. करंगळीने दाबा.

कीबोर्ड घेताना हॉट-स्वॅप सॉकेटवाला घ्या, म्हणजे डाग न देता स्विच उपसता आणि बसवता येतात. नाहीतर प्रत्येक प्रयोगाला सोल्डरिंग आलं.

आता वंगण. लिनिअर स्विच खरखरत असेल तर वंगणाने त्याचा कायापालट होतो. लागणार काय, तर स्विच ओपनर, शून्य नंबरचा ब्रश, चिमटा आणि खणांचा ट्रे. मी बर्फाचा वापरते. ओपनरवर स्विच दाबला की वरचं हाउसिंग, म्हणजे कवच, सुटतं. आत स्टेम, स्प्रिंग आणि खालच्या भागात तांब्यासारखा दिसणारा पत्रा. लिनिअरला क्रायटॉक्स २०५जी० हे घट्ट वंगण: स्टेमच्या घसरणाऱ्या बाजू, खालच्या हाउसिंगमधल्या खाचा, स्प्रिंगची दोन्ही टोकं. टॅक्टाइलला ट्रायबोसिस ३२०३सारखं पातळ वंगण, आणि स्टेमचे पाय कोरडेच ठेवायचे. तिथे वंगण गेलं की पैसे मोजून घेतलेला उंचवटा आपणच पुसून टाकतो. ब्लूसारख्या क्लिकीला हात लावू नका, आवाज बसतो. माझ्या यू४मध्ये मी फक्त स्प्रिंगांना तेल दिलं: सगळ्या स्प्रिंगा झिपच्या पिशवीत, वर चार थेंब, आणि पिशवी फुगवून खळखळ हलवायची.

किती लावायचं, इथेच सगळे फसतात. ब्रश बुडवला की डबीच्या काठाला निपटून घ्या. प्लास्टिकवर पांढरा थर दिसला तर जास्त झालं. नुसती ओलसर चमक हवी. पहिल्या खेपेला मी पोळीला तूप लावावं तसं लावलं. कळा दाबल्या की वर यायला कंटाळायच्या, आणि मग सत्तरएक स्विच पुन्हा उघडून पुसत बसले. आधी पाच करा, एक दिवस वापरा, मग उरलेले. ८७ कळांच्या कीबोर्डाला दोन संध्याकाळी धराच. काम झालं की हात धुवा.

बसवताना प्रत्येक स्विचच्या दोन्ही पिना सरळ आहेत का बघा आणि पीसीबीला, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीला, मागून बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेटच निघून येतं. माझी ‘के’ एकदा चालेना. प्रोग्रामर असल्यामुळे मी अर्थातच फर्मवेअरवर संशय घेतला, कीमॅप तपासला, डिबाउन्सचा, म्हणजे संपर्काची थरथर गाळण्याच्या वेळेचा, आकडा वाढवला, क्यूएमके हे फर्मवेअर पुन्हा फ्लॅश केलं. तासाभराने स्विच उपसला तर एक पीन पोटाखाली दुमडलेली. चिमट्याने सरळ केली, दहा सेकंदांत काम झालं. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या पीसीबीवर बसत नसेल तर प्लास्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने छाटा. धातूच्या पिना नव्हेत.

स्पेस, एंटर, शिफ्टसारख्या लांब कळा समतोल ठेवणारे तारेचे स्टॅबिलायझर विसरू नका. महागडे स्विच बसवूनही स्पेसबार पत्र्याच्या डब्यासारखा वाजत असेल तर दोष स्टॅबिलायझरचा. त्यांची तार काचेवर ठेवा. ती डुगडुगली तर वाकडी आहे. सरळ करून तिच्या टोकांना डायलेक्ट्रिक ग्रीस भरा, इथे मात्र हात सैल सोडून.

आणि सगळ्या कळांखाली एकच स्विच हवा असा नियम नाही. माझ्या करंगळीच्या कळांखाली ४५चे आहेत, बाकी ६२. कॅप्स लॉक मी क्यूएमकेत नुसत्या टिचकीला एस्केप आणि दाबून धरल्यास कंट्रोल असा केलाय. टिचकी की दाबून धरणं हे ठरवण्याची मूळ मुदत २०० मिलिसेकंद असते, माझ्या हाताला १७० जमली. आणि वरच्या कोपऱ्यातल्या पॉझच्या कळीखाली माळ्यावरच्या त्या कीबोर्डातला एक ब्लू आहे. त्या कळीला काहीच काम दिलेलं नाही. लेक शाळेत गेली की टेस्ट पास होताना मी ती दाबते.