'सॅलरी' म्हणजे मिठाचा पगार? या चुका टाळा

रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं आणि त्यावरून 'सॅलरी' शब्द आला, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ती निम्मीच खरी आहे. मूळ शब्द लॅटिन 'सालारियुम' आणि त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे, यात वाद नाही. पण सैनिकाच्या ओंजळीत मीठ ओतून पगार भागवल्याचा प्राचीन पुरावा नाही. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला 225 दिनार (रोमनांचं चांदीचं नाणं) मिळत, तेही नाण्यांत, तीन हप्त्यांनी. या पगाराला 'स्तिपेंदियुम' म्हणत. आजचा 'स्टायपेंड' त्यातलाच. त्यातूनही जेवणाचे, कपड्यांचे, बुटांचे पैसे कापून घेत. (हातात किती पडतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा!) रोमन लेखक थोरला प्लिनी इ.स. 77च्या सुमारास 'सालारियुम'चं नातं मिठाशी जोडतो खरा, पण पगारात मीठ वाटत असं कुठेही म्हणत नाही. 'मीठ घेण्यासाठीचा भत्ता' हा कोशांतला खुलासाही नंतरचा तर्क आहे. तेव्हा भाषणात हा किस्सा सांगायचाच असेल, तर 'मिठाशी नातं आहे' एवढ्यावर थांबा.

आता वापरातल्या चुका. तासावर किंवा रोजावर मिळणारे पैसे 'वेज' किंवा 'वेजेस'. ठरलेली, महिन्याच्या महिन्याला मिळणारी रक्कम 'सॅलरी'. म्हणूनच किमान वेतनाला 'मिनिमम वेज' म्हणतात.

पगार कमी असेल तर 'चीप सॅलरी' म्हणू नका, 'लो सॅलरी' म्हणा. 'मच सॅलरी' हेही चूक. 'हाय' किंवा 'गुड' चालतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. ब्रिटन-अमेरिकेत 'सॅलरी' विचारली की बहुधा वर्षाचा आकडा अपेक्षित असतो. आपण सवयीने महिन्याचा सांगतो आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. आकड्यापुढे 'पर मंथ' की 'पर इयर' हे लिहाच, शिवाय कर कापण्याआधीचा की नंतरचा तेही.

स्पेलिंगचंही बघा. एस-ए-एल-ए-आर-वाय म्हणजे पगार. सी-ई-एल-ई-आर-वाय म्हणजे 'सेलरी' नावाची भाजी. दोन्ही शब्द बरोबर असल्याने संगणक बहुतेकदा लाल रेघ मारत नाही आणि अर्जात 'अपेक्षित भाजी' तशीच पुढे जाते.